काट्याची साक्ष

पेट्रोलची टाकी अर्धी रिकामी झालेली, तरी काटा ती भरलेलीच दाखवतोय. शेजारचा पाण्याच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकलाय. गाडी बाजूला घेऊन बोनेट उघडावं, तर वाफ नाही, वास नाही, रेडिएटर अगदी शांत. साठच्या दशकातल्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारवर हात बसलेला मिस्त्री अशा वेळी इंजिनाकडे फारसा बघतही नाही. तो डॅशबोर्डच्या मागे हात घालतो आणि काडेपेटीहून लहान असलेली एक पत्र्याची डबी चाचपतो.

त्याचा हात नेमका तिथेच का गेला, हे समजायचं तर शंभर वर्षं मागे जावं लागतं. त्याआधी एक गोष्ट मान्य करायला हवी. गाडीतल्या काट्याचा आणि तापमानाचा थेट संबंध फार थोड्या काळापुरता होता. पुढे काटा सांगू लागला तो कधी कुठल्या तरी वाफेचा दाब, कधी तापलेल्या पट्टीचा बाक. आपण त्यालाच तापमान म्हणत आलो. दर पिढीने इंजिन आणि चालक यांच्यामध्ये एक नवा मध्यस्थ बसवला, आणि प्रत्येक मध्यस्थाची खोटं बोलण्याची रीत वेगळी निघाली.

सुरुवातीच्या मोटारींत मध्यस्थच नव्हता. फोर्डच्या मॉडेल टीचंच बघा. १९०८ ते १९२७ या काळात या गाड्या दीड कोटीच्या वर निघाल्या, पण बहुतेकांना पाण्याचा पंपसुद्धा नव्हता. गरम पाणी हलकं होऊन वर चढायचं, रेडिएटरमध्ये निवून खाली उतरायचं, एवढ्यावर इंजिन थंड राही. पाणी उकळलं की टोपणातून वाफ उसळे, तेव्हा चालकाला कळे. तोवर बऱ्याचदा उशीर झालेला असे. त्यात थंडीच्या देशांत रेडिएटर गोठू नये म्हणून पाण्यात अल्कोहोल मिसळण्याची पद्धत होती. ते पाण्याच्या कितीतरी आधी उडून जायचं, म्हणजे थंडीतही गाडी उकळण्याची भीती होतीच.

यावर न्यूयॉर्कच्या हॅरिसन बॉइसने १९१२ च्या सुमारास काढलेला तोडगा इतका सरळ होता, की आधी कुणाला सुचला नाही याचं नवल वाटावं. त्याने रेडिएटरच्या टोपणावरच थर्मामीटर बसवला. गोल चकती, मधोमध काचेची नळी, नळीत चढणारा लाल द्रव, आणि चकतीचं तोंड चालकाकडे. बोनेटच्या टोकावर उभी असलेली ही ‘मोटोमीटर’ नावाची वस्तू पुढची पंधरा वर्षं इतकी गाजली, की मोटार कंपन्या त्या चकतीवर आपापली बोधचिन्हं छापून घेऊ लागल्या. चोरांनाही ती आवडली, म्हणून कुलूपबंद टोपणं बाजारात आली.

बॉइसची खरी हुशारी मात्र चकतीत नव्हती, ती खालच्या दांडीत होती. ही दांडी पाण्यात बुडत नसे. पाण्याच्या वर, वाफ जमते त्या पोकळीत राही. आज हे उलटं वाटेल, पण त्यामागे हिशेब होता. पाणी कमी झालं तर पाण्यात बुडायला हवा असलेला थर्मामीटर कोरडा पडतो आणि नेमक्या संकटाच्या वेळी थंड आकडा दाखवतो. बॉइसचा थर्मामीटर वाफेतच बसलेला, त्यामुळे पाणी आटून वाफ वाढली की तो चढायचा. डॅशबोर्डवरच्या सुबक काट्यांना ही गोष्ट पुढे कधीच नीट जमली नाही. गळती लागून पाणी सेन्सरच्या खाली गेलं, की इंजिन करपत असताना काटा निवांत खाली येतो. उकळत्या गाडीचा काटा अचानक उतरला तर जुने मिस्त्री म्हणूनच हायसं न वाटून घेता आधी गाडी बंद करतात.

मोटोमीटर संपला तो स्वतःच्या जागेमुळे. बोनेट लांबत गेलं, गाड्या बंदिस्त झाल्या, रात्रीचा प्रवास वाढला. सहा फुटांवरची लाल रेघ अंधारात कोण वाचणार? तापमान डॅशबोर्डवर आणायचं ठरलं आणि त्यासाठी कामी आला ऐंशी वर्षांपूर्वीचा एक फ्रेंच शोध. पॅरिसच्या यूजीन बूर्दाँने १८४९ साली वाफेच्या इंजिनांसाठी दाबमापक बनवला होता. चपटी केलेली धातूची नळी वळवून अर्धवर्तुळ करायचं आणि तिचं एक टोक बंद करायचं. आतला दाब वाढला की नळी सरळ व्हायला बघते. बंद टोकाला जोडलेला काटा त्याबरोबर फिरतो. दिवाळी-जत्रेतल्या कागदी पिपाणीत फुंकर मारली की गुंडाळी उलगडते ना, तसंच, फक्त केसभर.

मोटारीत हा दाब इथरने दिला. इंजिनाच्या पाण्यात बुडवलेला पितळी बल्ब, त्यात थोडं इथर, तिथून निघालेली सुतळीहून बारीक तांब्याची नळी, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला डॅशबोर्डमागे बूर्दाँची चपटी नळी. सगळं सीलबंद. इथर ३४.६ अंश सेल्सियसलाच उकळतं. पाणी शंभरावर पोचेपर्यंत बल्बमधला दाब वातावरणाच्या सहापटींच्या वर गेलेला असतो. हा दाब सारख्या पावलांनी चढत नाही, आधी रेंगाळतो आणि नंतर उड्या मारतो. म्हणूनच अशा मीटरच्या चकतीवर खालचे आकडे गर्दी करून बसतात आणि वरचे ऐसपैस. चकतीवरच्या आकड्यांमधलं अंतर विषम दिसलं, की मागे इथर आहे हे मीटर न उघडता ओळखता येतं.

ब्रिटिश गाड्यांच्या चकतीवर बहुधा ‘स्मिथ्स’ हे नाव असे. सॅम्युअल स्मिथने १८५१ साली लंडनमध्ये दुकान थाटलं ते घड्याळांचं. पुढे त्याच घराण्याची कंपनी मोटारींचे स्पीडोमीटर आणि मीटर बनवू लागली. त्या चकत्यांचे ठसठशीत आकडे, बारीक काटे, क्रोमची कडी हे सगळं घड्याळजीच्या हातचं वाटतं ते उगाच नव्हे. १९४८ ची जाग्वार एक्सके १२० असो वा १९५५ ते १९६२ या काळात अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनलेली एमजीए, दोन्हींत एकाच चकतीत वर-खाली दोन मीटर होते. एक तेलाच्या दाबाचा, एक पाण्याच्या तापमानाचा. दोन्ही यांत्रिक. या मीटरला बॅटरीशी काही देणंघेणं नव्हतं, वीज लागे ती फक्त रात्री चकती उजळायला.

म्हणून याचा बिघाडही सोपा आहे, पण निष्ठुर. नळीला सुईच्या टोकाएवढी भेग गेली की इथर उडून जातं आणि काटा तळाशी पडतो. तो परत उठत नाही. उगाच वर जाऊन घाबरवणं त्याच्या स्वभावात सहसा नसतं. वर गेलाच, तर त्यावर विश्वास ठेवून रेडिएटर तपासावा. आणि ही नळी बहुतेक वेळा रस्त्यावर तुटत नाही, गॅरेजमध्ये तुटते. इंजिन उतरवायचं असतं, पितळी नट गंजून बल्बला घट्ट धरून बसलेला असतो, कुणीतरी पान्याला झटका देतं आणि नटाबरोबर नळीही पिळवटते. कुणाच्याही लक्षात येत नाही. इंजिन नवं होऊन परत बसतं, गाडी सुरू होते, सगळे खूश असतात, आणि काटा हलत नाही.

अशा मेलेल्या मीटरवरचा घरगुती उपाय बघण्यासारखा आहे. बाजारातून तशाच जातीचा स्वस्त नवा मीटर आणायचा. त्याची चकती नको असते. हवा असतो त्याचा इथर भरलेला बल्ब आणि नळी. एका पातेल्यात बर्फाचा चुरा आणि जाडं मीठ घ्यायचं. आपल्याकडे उन्हाळ्यात आइस्क्रीमचा पॉट फिरवताना घालतात तेच मिश्रण, शून्याच्या बरंच खाली जाणारं. त्यात बल्ब पुरून ठेवला, की नळीतली सगळी इथरची वाफ बल्बमध्ये येऊन द्रव होऊन बसते. मग निर्धास्त नळी कापायची, जुन्या स्मिथ्सच्या नळीत जोडायची, वरून छोटी बाही चढवून सोल्डर करायची. सगळी घाई बर्फ वितळायच्या आत. इथर पेट घेणारं असल्यामुळे उघड्या ज्योतीशी खेळ नको आणि हवा खेळती हवी, हे सांगायलाच नको. जमलं तर साठ-सत्तर वर्षांपूर्वीची चकती पुन्हा खरं बोलू लागते. न जमलं तर हातात दोन मेलेले मीटर राहतात.

मग एवढा प्रामाणिक मीटर गेला का? कारण कारखान्यात तो डोकेदुखी होता. बल्बपासून चकतीपर्यंत एकच अखंड वस्तू. ती चालकाच्या आणि इंजिनाच्या मधल्या पत्र्यातून न वाकवता, न चेपता ओवून घ्यायची. त्याऐवजी एक वायर टाकली की काम भागतं. जाग्वारने मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ई-टाइप मांडली, तेव्हा तिच्या पाण्याच्या तापमानाचा काटा विजेवर चालणारा होता.

या नव्या काट्यामागे दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात. त्यांच्याभोवती बारीक तार गुंडाळलेली. तारेतून वीज गेली की पट्टी तापते, दोन धातू कमी-जास्त पसरतात, पट्टी वाकते, काटा सरकतो. म्हणजे इंजिनाची उष्णता सांगायला चकतीमागे एक इवलीशी शेगडी पेटवायची! कारागिरी म्हणून ही कल्पना गमतीची आहे, मोजमाप म्हणून जरा लाजिरवाणी. हिचा एक फायदा मात्र होता. पट्टी तापायला वेळ घेते, त्यामुळे काटा थरथरत नाही. चावी फिरवल्यावर तो झोपेतून उठल्यासारखा सावकाश चढतो. अशी चाल दिसली की मागे शेगडी आहे हे जाणकार ओळखतात.

अडचण विजेच्या दाबाची होती. गाडी उभी असताना बॅटरी बारा व्होल्ट देते, इंजिन धावू लागलं की चौदाच्या आसपास. फरक दोनाचाच, पण तारेतली उष्णता व्होल्टच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे जवळजवळ ३६ टक्के जास्त. त्यामुळे पाणी तेवढंच गरम असूनही काटा चढेल. म्हणून स्मिथ्सने मध्ये बसवली ती सुरुवातीला सांगितलेली डबी, व्होल्टेज स्टॅबिलायझर. तिच्या आतही तीच युक्ती: तापली की वाकणारी पट्टी, वाकली की तुटणारा संपर्क, निवली की पुन्हा जुळणारा संपर्क. ही उघडझाप इतक्या बेताने होते, की सरासरी दहा व्होल्ट पुढे जातात. पेट्रोलचा आणि पाण्याचा, दोन्ही काट्यांना वीज याच डबीतून मिळते. अमेरिकेत फोर्डने हाच खेळ पाच व्होल्टवर मांडला होता, १९६४ साली आलेल्या मस्टँगमध्येही तो होता.

आता पहिल्या प्रसंगातला मिस्त्री इंजिनाकडे का बघत नव्हता ते उलगडतं. पाणी उकळणं आणि टाकी आपोआप भरणं एकाच वेळी घडत नाही. दोन काटे मिळून तीच थाप मारत असतील तर दोघांना पढवणारा कुणीतरी एक आहे. डबीचा संपर्क चिकटून बसला, किंवा तिच्या पत्र्याचं गाडीच्या अंगाशी अर्थिंग सुटलं, तर पट्टी वाकणं थांबतं आणि दहाऐवजी सलग चौदा व्होल्ट पुढे जातात. काट्यामागच्या शेगडीला सुमारे दुप्पट आच मिळते. बहुतेक वेळा डबी बदलावीसुद्धा लागत नाही. तिचा स्क्रू सोडून खालचा गंज आणि रंग खरवडला की दोन्ही काटे जागेवर येतात. साठ वर्षं जुन्या गाडीत निम्मे विजेचे आजार अर्थिंगचेच असतात. ब्रिटिश विजेच्या सामानाच्या नावाने, विशेषतः बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीच्या नावाने, जगभर विनोद झाले; त्यांतल्या कितीतरी विनोदांच्या मुळाशी एक गंजलेला स्क्रू असावा.

या डबीने नव्या पिढीच्या मेकॅनिकला हमखास फसवलं. तो डिजिटल मल्टिमीटर लावतो आणि त्याला आकडे उड्या मारताना दिसतात: शून्य, बारा, शून्य, बारा. डबी गेली म्हणून तो धडधाकट डबी फेकून देतो. जुना माणूस साधा टेस्ट लॅम्प लावतो. दिवा मिचमिचला की डबी जिवंत. सलग जळला तर संपर्क चिकटला. पेटलाच नाही तर वीजच येत नाही.

दोनांपैकी एकच काटा चुकत असेल तर संशय सेन्सरवर जातो. या सेन्सरची कुळकथा काट्याहून जुनी आहे. सिल्व्हर सल्फाइड तापवलं की त्याचा विजेला होणारा अडथळा कमी होतो, हे मायकेल फॅराडेने १८३३ मध्येच नोंदवलं होतं. धातूंचं वागणं याच्या बरोबर उलट, म्हणून ते चक्रावणारं होतं. जवळजवळ शंभर वर्षांनी, १९३० मध्ये, सॅम्युअल रुबेन या अमेरिकन संशोधकाने या गुणाचा व्यवहारात चालेल असा थर्मिस्टर बनवला. इंजिनात रुतलेल्या पितळी बोंडात असा एक मणी असतो. पाणी गार असताना तो वीज अडवून धरतो, तापलं की वाट मोकळी करतो.

याची परीक्षा दोन मिनिटांची. सेन्सरची वायर काढली की काटा गारच्या टोकाला पडायला हवा. तीच वायर क्षणभर इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवली की काटा गरमच्या टोकाकडे चढायला हवा. चढला तर काटा, वायर, डबी सगळं ठीक, दोष सेन्सरचा. फार वेळ टेकवून ठेवायची नाही, नाहीतर दोष नसलेला मीटर सदोष होतो. सेन्सर बसवताना गळती नको म्हणून कुणी आट्यांवर सढळ हाताने टेफ्लॉनची टेप गुंडाळलेली असते. त्याने कधी कधी पितळाचा इंजिनाशी संपर्कच दुबळा होतो आणि काटा कमी दाखवतो. नवा सेन्सर दुसऱ्याच घराण्याचा निघाला तरी तेच. स्मिथ्सची चकती आणि जर्मन व्हीडीओचा सेन्सर यांची पत्रिका जुळत नाही. अंगावरचे आटे जुळले म्हणून आतला अडथळा जुळेलच असं नाही.

खात्री करायची तर शेवटी स्वयंपाकघर गाठावं लागतं. पातेल्यात पाणी, पाण्यात दोरीने सोडलेला सेन्सर, शेजारी थर्मामीटर, हातात मल्टिमीटर. तळाला टेकू द्यायचा नाही, कारण पातेल्याचा तळ पाण्याहून गरम असतो. ही कृती सांगणारे अनेकजण ‘उकळी फुटली की शंभर अंश’ असं ठोकून देतात. ते लंडन-मुंबईत ठीक. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. १,३५० मीटरवरच्या महाबळेश्वरात ९५-९६ अंशांनाच. पुण्याच्या ओट्यावर उकळीला शंभर धरून लावलेला हिशेब तिथेच दोन अंशांनी चुकतो, आणि दोष मात्र बिचाऱ्या सेन्सरवर येतो.

उकळीचा हा बिंदू गाडीतही हलत गेला आहे. बॉइसच्या काळी रेडिएटर उघडाच म्हणावा असा, त्यामुळे शंभर म्हणजे अखेर. नंतर दाबाची टोपणं आली. दर चौरस इंचाला सात पौंड दाब धरणाऱ्या टोपणाखाली पाणी १११ अंशांच्या आसपास उकळतं, पंधरा पौंडांखाली १२० च्या वर. त्यामुळे १९२० साली ज्या आकड्यावर चालक बादली शोधायला धावला असता, त्या आकड्यावर नंतरची गाडी घाट चढून जाते. जुन्या गाडीचा काटा ‘जास्त’ दाखवतो अशी तक्रार आली, की म्हणूनच टोपण कुठल्या दाबाचं आहे हे आधी विचारायचं.

कंपन्यांनी यावर आणखी एक उपाय शोधला: आकडेच पुसून टाकले. एमजीबीच्या पुढच्या काही चकत्यांवर फक्त तीन अक्षरं उरली, सी, एन आणि एच. थंड, ठीक, गरम. नव्वदच्या दशकापर्यंत अनेक गाड्यांचे काटे असे बनवले गेले, की साधारण ७५ ते १०५ अंशांमध्ये पाणी कितीही हललं तरी काटा मधोमध गप्प. ब्रिटिश रोडस्टरचा वारसा सांगत १९८९ मध्ये आलेल्या माझदा मियाटाला सुरुवातीला तेलाच्या दाबाचा खराखुरा काटा होता. तो दाबाबरोबर खाली-वर होई, त्याने मालक घाबरत. १९९५ पासून त्या जागी दाब आहे किंवा नाही एवढंच सांगणारा काटा आला, आणि तोही मीटरचं सोंग घेऊन.

हौशी मंडळी मात्र अजून साठच्या दशकातल्या त्या डबीशी झगडतात. मुंबईत अशी गाडी सांभाळणारा माणूस लॅमिंग्टन रोडवर जातो आणि वडापावच्या पैशांत ७८१० नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर आणतो. डबी हलक्या हाताने उघडून आतली वाकती पट्टी काढतो आणि तिच्या जागी हा चिमुकला तुकडा सोल्डर करतो. आता दहा व्होल्ट सलग, न मिचमिचता. गाडी १९६४ च्या आधीची ई-टाइप असेल तर थांबावं लागतं, कारण तिची बॅटरी उलटी, म्हणजे धन टोक अंगाला जोडलेली असते. जुन्या पट्टीला दिशेचं सोयरसुतक नव्हतं, या तुकड्याला आहे. तिथे ७९१० लागतो.

मूळ डबी बसवताना ‘बी’ आणि ‘ई’ ही टोकं वरच्या बाजूला हवीत, आणि उभ्या रेषेपासून वीस अंशांहून जास्त कलता कामा नये, असं कारखान्याची पुस्तिका बजावते. नव्या तुकड्याला आडवं-उभं सारखंच. तरीही डॅशबोर्डमागे वाकून, तोंडात टॉर्च धरून, लोक ती रिकामी केलेली डबी टोकं वर ठेवूनच स्क्रूने आवळतात.